टाळेबंदी : एक जुना शब्द

'टाळेबंदी' हा शब्द आमच्या वर्धा जिल्ह्याला नवा नाही. हिंगणघाट आणि पुलगाव ही गिरण्यांची गावे. तेथे या शब्दाचा अर्थ ठरलेला होता : मालकाने गिरणीला कुलूप लावायचे आणि कामगाराने दाराबाहेर उभे राहायचे. 25 मार्च 2020 पासून तोच शब्द साऱ्या देशाला लागू झाला, तेव्हा मराठी शिकवणाऱ्या आम्हा दोघांनाही त्याचा हा जुना अर्थ आठवला नाही, याची आज लाज वाटते.

आम्ही टाळेबंदीचे कट्टर समर्थक होतो. जीव वाचला तर पैसा पुन्हा मिळवता येईल, असे विद्यार्थ्यांना ऐकवत होतो. मार्चचा पगार दोन टप्प्यांत देण्याचे राज्य सरकारने ठरवले तेव्हा थोडी कुरकुर केली, एवढाच आमचा त्याग. एप्रिलअखेरीस जिल्हा हरित क्षेत्रात होता. आमचेच बरोबर, असे वाटले.

मग ऑनलाइन तासांना न येणाऱ्या देवळी तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, घरात कापूसच भरून हाये. बसाले जागा नाही, तास कुठी बसून करू?" टाळेबंदीत शासकीय खरेदी थांबली होती. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामातला हमीभाव क्विंटलला 5,550 रुपये होता. पण घेणारेच केंद्र बंद असेल तर हमी कसली? पुढे खरिपाच्या बियाण्यासाठी त्याच्या वडिलांनी मिळेल त्या भावाने कापूस व्यापाऱ्याला दिला.

म्हणून टाळेबंदीच चुकली, असे आम्ही म्हणणार नाही. तेव्हा लस नव्हती. रुग्णालयांना तयारीसाठी वेळ हवा होता. 2021 च्या दुसऱ्या लाटेत खाटेसाठी आणि प्राणवायूसाठी झालेली धावाधाव आम्हीही पाहिली. चुकला तो आमचा तराजू. एका पारड्यात जीव आणि दुसऱ्यात पैसा, असे आम्ही मांडले होते. त्या घरात मात्र पैसा म्हणजे बियाणे होते, वर्षाची भाकर होती. शिवाय दोन्ही पारडी एकाच माणसापुढे नव्हती : निर्धास्तपणा आमच्या वाट्याला आला, किंमत त्याच्या. संसर्ग रोखण्यासाठी कुलूप लावावे लागले, तरी त्याची भरपाई त्याच आदेशात लिहिलेली असायला हवी. दया म्हणून नंतर दिलेली मदत पेरणीच्या वेळी हाताशी नसते.

आता अर्थविस्तार शिकवताना आम्ही हाच शब्द घेतो आणि विचारतो : कुलूप कोणी लावले, बाहेर कोण राहिले? उत्तराची सुरुवात स्वतःपासून करतो.