खालच्या फळीवरची पुस्तकं

मैत्रिणींनो, तुमच्या गावात मुलांना हाताळून, चाळून पुस्तक निवडता येईल असं एखादं दुकान शिल्लक आहे का? असेल तर ह्या रविवारी मुलांना घेऊन तिकडे जाच. आमच्या गावातलं एकुलतं एक दुकान येत्या दिवाळीनंतर बंद होणार आहे.

दुकानाचे मालक सत्तरीचे. सारं गाव त्यांना काका म्हणतं. मी शाळेत अर्धा वेळ शिकवते. वर्गासाठी गोष्टीची पुस्तकं आणायला गेले, की त्यांच्याशी हमखास गप्पा होतात. चाळीस वर्षं मुलांना पुस्तकं विकलेला हा माणूस. त्यांचं बोलणं ऐकलं, की वाटतं, हे आपल्या पालकसभेत कुणीतरी सांगायला हवं.

काकांच्या दुकानात मुलांची पुस्तकं अगदी खालच्या फळीवर असतात. ‘मोठी माणसं वाकतील हो, पण मुलं वर कशी चढणार?’ असं ते म्हणतात. पानं मळतात, कोपरे दुमडतात, पण काका रागावत नाहीत. मूल आधी चित्रं बघतं, मग मधलंच एखादं पान उघडतं आणि तिथं रमलं तर खाली बसकण मारतं. बसकण मारली, की ते पुस्तक त्याचं झालं, असा त्यांचा हिशेब!

आणि आपण आया काय करतो? ‘ह्यातून काय शिकायला मिळेल?’ हा आपला पहिला प्रश्न. दुसरा, ‘जरा मोठेपणीही उपयोगी पडेल असं द्या.’ काका हसून म्हणतात, ‘वाढत्या अंगाचा फ्रॉक चालतो, ताई. खालून दुमड घालता येते. पुस्तकाला दुमड कुठं घालणार?’ सहा वर्षांच्या मुलीला दहा वर्षांच्या मुलीचं पुस्तक दिलं, तर ते कपाटातच राहतं आणि वर ‘आमची वाचतच नाही’ म्हणून आपण मोकळ्या!

मग हे दुकान बंद का पडतंय? मुलं वाचत नाहीत म्हणून? काकांना ते पटत नाही. त्यांचा संसार चालायचा तो जून महिन्यावर. पाठ्यपुस्तकं, वह्या, गाइडं ह्यांच्या कमाईवर गोष्टीची पुस्तकं वर्षभर तग धरायची. आता सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. गरिबाच्या लेकरांसाठी ही फार चांगली सोय झाली. पण काकांचा जून गेला. इंग्रजी माध्यमाच्या शाळा पुस्तकं शाळेतूनच देऊ लागल्या. राहिलेली गिऱ्हाइकं दुकानात येऊन पुस्तक बघतात आणि फोनवरून सवलतीत मागवतात. तेवढी सवलत काकांना प्रकाशकाकडूनही मिळत नाही!

हे दुःख काही लहान गावांचंच नाही. मुंबईचं नावाजलेलं ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ १९४८ साली सुरू झालं आणि २०१८ साली बंद झालं. ज्या ‘चांदोबा’साठी घरोघरी भांडणं व्हायची, तो मराठीत १९५२ पासून निघायचा, आता निघत नाही. पण बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून आजही निघतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून मिळतो. माधुरी पुरंदरे यांची चित्रांनी नटलेली पुस्तकं तर आपल्या लहानपणी नव्हती! म्हणजे पुस्तकं आहेत, वाचणारी मुलंही आहेत. दोघांची गाठ घालून देणारी जागा मात्र चाललीय.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. काकांच्या दुकानाच्या पायरीवर बसून तिनं कितीतरी गोष्टी वाचून काढल्या. काकांनी कधी उठवलं नाही. फोनवरून पुस्तक मागवणाऱ्यांचं काही अडणार नाही. ह्या मुलीनं कुठं बसायचं?

म्हणून आम्ही पाच-सहा जणींनी थोडे थोडे पैसे जमवले आणि काकांच्या त्या खालच्या फळीवरची सगळी पुस्तकं शाळेसाठी विकत घेतली. मुख्याध्यापकांनी व्हरांड्यातला एक कोपरा दिला. फळी मुद्दाम जमिनीलगत लावली आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास पाळीपाळीनं आमच्यापैकी एक जण तिथं बसते. दुकान बंद झाल्यावर काकाही येणार आहेत. कुठल्या मुलाच्या हातात काय द्यावं, हे त्यांच्याइतकं आम्हांला अजून कळत नाही. ते शिकून घ्यायचंय.

तुम्हांलाही हे जमेल. वाढदिवसाला प्लॅस्टिकच्या खेळण्याऐवजी पुस्तक द्या, पण ते मुलालाच निवडू द्या. तेच तेच पुस्तक पुन्हा वाचत असेल तर वाचू द्या. आवडलेली भाजी आपण पुन्हा करतोच ना? आणि वाचून झाल्यावर ‘काय शिकलास?’ असं विचारू नका. ‘मग पुढं काय झालं?’ एवढंच विचारा आणि पोळ्या लाटता लाटता ऐकत राहा.