मैदानाच्या कोपऱ्यातलं घर

पटनी ब्रिज स्टेशनात उतरलेला पांढऱ्या-काळ्या मफलरींचा लोंढा बिशप्स पार्कात शिरतो आणि त्याचा आवाज आपोआप खालच्या पट्टीत येतो. डाव्या हाताला टेम्स, उजवीकडे झाडीआड लंडनच्या बिशपांचा जुना वाडा, डोक्यावर प्लेन वृक्षांच्या फांद्या, पायांखाली त्यांचीच पंजाएवढी पिवळी पानं, आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या गाळाचा ओला, थंडगार वास. लहानगी बापाच्या खांद्यावर, म्हातारे आपल्या ठरलेल्या चालीने, कुणी मागच्या पराभवावर अजून कुरकुरत. घाई कुणालाच नाही.

बाग संपते तिथे फुलहॅम फुटबॉल क्लबचं मैदान. क्रेव्हन कॉटेज.

ज्या कॉटेजचं हे नाव, ते केव्हाच जळून गेलं. बॅरन क्रेव्हन नावाच्या उमरावाने १७८० मध्ये इथल्या रानात, नदीच्या अंगाला ते बांधलं होतं. १८८८ मध्ये आग लागली आणि त्या जागी झुडपं माजली. १८९४ मध्ये क्लब इथे आला तेव्हा रान तोडून जमीन सपाट करण्यातच दोन वर्षं गेली. घर गेलं, नाव राहिलं, आणि नावाची लाज राखायला की काय, कोपऱ्यात पुन्हा एक घर उभं राहिलं.

ते वास्तुविशारद आर्चिबाल्ड लीचचं, १९०५ सालचं. सांगतात की स्टँडच्या आराखड्यात तो ड्रेसिंग रूम विसरला, म्हणून कोपऱ्यात हे टुमदार विटांचं घर बांधावं लागलं. खरं-खोटं तोच जाणे. पण खेळाडू आजही त्या घरातून मैदानात उतरतात आणि वरच्या सज्जात त्यांची घरची माणसं उभी असतात, लग्नघराच्या माडीवरून वरात पाहायला दाटलेल्या बायकामुलांसारखी.

याच लीचने बांधलेल्या ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर १९०२ मध्ये लाकडी फळ्या मोडल्या, माणसं खाली कोसळली, २५ जण दगावले. तीनच वर्षांनी इथे, स्टीव्हनेज रोडवर, तो पुन्हा हजारोंचं वजन पेलणारा स्टँड उभारत होता. त्या लाल भिंतीवर हात ठेवला की मला पहिल्यांदा क्लब आठवत नाही. रात्री पुन्हा पुन्हा आकडेमोड करणारा एक माणूस दिसतो. भिंत अजून उभी आहे.

या स्टँडला आता जॉनी हेन्सचं नाव आहे. १९५२ ते १९७० हा माणूस फुलहॅमकडूनच खेळला, दुसऱ्या कुठल्या इंग्लिश क्लबकडे गेलाच नाही. १९६१ मध्ये पगारावरची मर्यादा उठली आणि इंग्लंडमध्ये आठवड्याला शंभर पौंड मिळवणारा तो पहिला फुटबॉलपटू ठरला. मोठी ट्रॉफी मात्र एकही नाही. बाहेर त्याचा पुतळा आहे, आत अरुंद लाकडी खुर्च्या. गोल झाला की सगळे एकदम उठतात, फळ्या खाडकन मिटतात, आणि तो कोरडा, लाकडी कडकडाट छपराखालून सरकत जातो तेव्हा शंभर वर्षांचे शनिवार एकाच वेळी उठून उभे राहिल्याचा भास होतो.

२००२ मध्ये क्लबला हे घर सोडावं लागलं. उभ्याने मॅच पाहायचे कट्टे नव्या नियमांत बसेनात. दोन वर्षं शेजारच्या क्लबच्या लॉफ्टस रोड मैदानावर काढून, सगळीकडे खुर्च्या बसवून, २००४ मध्ये तो परतला.

नदीकडची बाजू १९७२ पर्यंत उघडी होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोटशर्यत समोरून जायची तेव्हा लोक मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. आता तिथे नवा, चकचकीत रिव्हरसाइड स्टँड आहे. सोयी भरपूर, दरही तसेच. मला तो परका वाटतो. मात्र त्याच्यामुळे मैदानामागून नदीकाठाने चालायची वाट खुली झाली, हे त्याचं पुण्य कबूल.

लंडनला गेलात तर तिकीट जॉनी हेन्स स्टँडचं काढा. फक्त जागा खांबामागची नाही ना, ते आधी बघून घ्या.