रहाटाचा आवाज

पदवीच्या शेवटच्या वर्षाला आम्हांला एक लघुपट तयार करावा लागतो. विषय आपणच निवडायचा, कथा आपणच लिहायची आणि सगळे चित्रण एका दिवसात संपवायचे, असा नियम आहे. महाविद्यालयाचा कॅमेरा एका गटाला एकच दिवस मिळतो ना! आमच्या गटात आम्ही सहा जण होतो. सर्वांनी मिळून भयपट करायचे ठरवले. आवाज ध्वनिमुद्रित करण्याचे काम माझ्याकडे आले.

“भूत दाखवणे सोपे असते; भीती दाखवणे अवघड,” असे आमचे सर म्हणाले. त्यांनी आम्हांला ‘महल’ हा १९४९ सालचा हिंदी चित्रपट पाहायला सांगितले. कमाल अमरोही यांच्या या चित्रपटात अशोककुमार आणि मधुबाला यांच्या भूमिका आहेत. जुनी हवेली, रात्रीची वेळ आणि दुरून ऐकू येणारे गाणे! आपण घाबरत राहतो आणि शेवटी कळते, की ते भूत नव्हतेच. ती तर माळ्याची मुलगी होती. गाणे दुरून जवळ येत आहे असे वाटावे, म्हणून लता मंगेशकर मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात त्याच्याजवळ आल्या. ही हकिकत मला फार आवडली.

आमची कथा साधी होती. एक मुलगा कोकणातल्या बंद घरात एकटाच मुक्कामाला येतो. त्या घराच्या विहिरीत पूर्वी एका सुनेने जीव दिलेला असतो. रात्री पांढऱ्या लुगड्यातले तिचे भूत रहाट ओढते.

घरही मिळाले. आमच्या गटातल्या एका मित्राच्या काकांचे घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान वाडीत आहे. काका मुंबईला असतात. गणपतीला आणि मे महिन्यात तेवढे घर उघडते. एरवी किल्ली शेजारच्या आजींकडे असते. काकांनी आनंदाने परवानगी दिली.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी सात वाजता आम्ही तेथे पोहोचलो. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौले, मागच्या अंगणात विहीर आणि विहिरीवर लाकडी रहाट. घर मनासारखे होते. पण कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे आत येत होते. रात्र कशी दाखवायची? आम्ही खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या. बाहेरच्या प्रसंगांसाठी कॅमेऱ्यात कमी प्रकाश घ्यायचा, आकाश दिसू द्यायचे नाही आणि नंतर चित्राला निळसर छटा द्यायची, की दिवसाची रात्र होते. माजघरात लोबान जाळला. त्या धुरात कंदिलाचा उजेड खरोखर गूढ दिसू लागला.

एक मित्र रक्त म्हणून साखरेचा लाल पाक घेऊन आला होता. १९६० सालच्या ‘सायको’ या कृष्णधवल चित्रपटात चॉकलेटचा पाक रक्त म्हणून वापरला होता, असे त्याने ऐटीत सांगितले. तासाभराने पाहतो तो काय, वाटीभोवती मुंग्यांची रांग! आम्हांला हसू आवरेना.

दुपारी आजी कोकमाचे सरबत घेऊन आल्या. ओटीवर बसून त्यांनी विचारले, “पोरांनो, गोष्ट काय आहे तुमची?”

आमच्या दिग्दर्शक मैत्रिणीने उत्साहाने सगळी गोष्ट सांगितली. आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “आमच्या विहिरीत कोणी मेलेलं नाही ग.”

“अहो आजी, ही नुसती गोष्ट आहे!”

“तुम्हांला ठाऊक आहे ती गोष्ट आहे म्हणून. ऐकणाऱ्याला कुठे ठाऊक असतं?” आजी सांगू लागल्या, “माझे घरधनी गेले तेव्हा मी विशीतली होते. दिवसभर मजुरी करायची. पाणी भरायला रात्रच उरायची. कोणीतरी मला लांबून पाहिलं आणि उठवलं, की विहिरीवर पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते. झालं! दिवस मावळला की बायका पाण्याला यायच्या बंद झाल्या. मुलं माझ्या अंगणात खेळेनाशी झाली. दोन वर्षं असं चाललं. ती पांढऱ्या लुगड्यातली बाई मीच होते, बाळांनो.”

कोणालाच काही बोलता येईना. आजी पुढे म्हणाल्या, “आजही नळाला दिवसाआड पाणी येतं. बारा घरं या विहिरीवर आहेत. संध्याकाळी पोरीबाळी पाण्याला येतात. तिचं नाव तेवढं खराब करू नका.”

त्या गेल्यावर आमच्यात वाद सुरू झाला. एक जण म्हणाला, “दोन वाजले आहेत. उद्या कॅमेरा परत द्यायचा. आता गोष्ट कशी बदलणार?” दुसरा म्हणाला, “लघुपट तर वर्गातच दाखवायचा आहे.” त्यावर दिग्दर्शक मैत्रीण म्हणाली, “वर्गातली गोष्ट वर्गात राहते का? मोबाइलवरून ती चार दिवसांत या वाडीत येईल.”

मला ‘महल’मधली माळ्याची मुलगी आठवली. मी म्हणाले, “भीती राहू द्या, भूत काढून टाकू. मुलाला रात्री रहाटाचा आवाज ऐकू येतो. तो घाबरतो. शेवटी धीर करून बाहेर जातो, तर एक आजी पाणी काढत असतात.”

“आणि आजी कोण होणार?” सगळ्यांनी एकदमच शेजारच्या घराकडे पाहिले.

आजी आधी खूप हसल्या. “या वयात मी सिनेमात!” असे म्हणून त्यांनी केस विंचरले. कोणते लुगडे हवे, असे आम्ही सांगण्याआधीच त्या म्हणाल्या, “पांढरंच नेसते. एकदा सगळ्यांना नीट दिसू दे.”

मी रहाटाचा आवाज टिपू लागले. आधी बंद दाराआडून, मग पडवीतून, मग एकेक पाऊल पुढे टाकत विहिरीच्या काठापर्यंत. कानांवर हेडफोन होता. दाराआडून ऐकताना करकर आवाजाबरोबर कोणीतरी विव्हळत आहे असे वाटले. माझ्याही अंगावर काटा आला. पण जवळ गेले तेव्हा कळले, की ते विव्हळणे नव्हते. तो थकलेल्या माणसाचा श्वास होता.

दिवस मावळता मावळता शेवटचा प्रसंग झाला. आजींनी घागर खाली ठेवली, घाबरलेल्या मुलाकडे पाहिले आणि आम्ही न शिकवलेले वाक्य म्हटले, “पाणी हवं का रे बाळा?”

लघुपट नऊ मिनिटांचा झाला. वर्गात तो दाखवला तेव्हा रहाट करकरला की मागच्या बाकावरची मुलेही गप्प होत. मित्राने तो वाडीतही पाठवला. तो सांगतो, आता संध्याकाळी विहिरीवर मुलांची गर्दी असते. एक जण रहाट ओढतो, दुसरा दाराआड लपतो आणि सगळी मिळून ओरडतात, “पाणी हवं का रे बाळा?”