वगळावे काय, राखावे काय

संगणकातील मजकुराची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, ठेवावी हे आता घरोघरी पटले आहे. परंतु प्रत कशाची ठेवू नये, हे फारसे कोणी विचारीत नाही. छत्रपती संभाजीनगरातील आमच्या घरी महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिस्साहून परतल्यावर, आम्ही हे काम करतो. वेळ जातो तो या दुसऱ्या प्रश्नावरच.

पुष्कळ फोल्डर निःशंकपणे वगळावेत. 'टेम्प'मध्ये प्रोग्रामची तात्पुरती टाचणे असतात. ब्राउझरचा 'कॅश' म्हणजे पाहिलेल्या पानांचा साठा; तो पुन्हा आपोआप भरतो. लिनक्समधील 'प्रॉक' तर डिस्कवर नसतेच. चालत्या यंत्राच्या स्थितीचे ते प्रतिबिंब. आरशातील प्रतिबिंब पेटीत कोण भरून ठेवील? एवढे वगळले की प्रत लवकर होते आणि डिस्कवर जागाही उरते.

कसोटी एकच : हे पुन्हा मिळेल काय, आणि मिळाल्यास कोणत्या मोलाने? आमच्या जिल्ह्यातील अजिंठ्याचा इतिहास याची साक्ष देतो. तेथील भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम १८४४ मध्ये रॉबर्ट गिल यांच्याकडे आले. त्यांनी त्यात अनेक वर्षे घातली. त्यांतील बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेली. पुढे जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात ते काम पुन्हा केले. त्यांतीलही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. पुन्हा करता येणारी गोष्टही कधी तेरा वर्षे मागते.

आणि काही गोष्टी पुन्हा होतच नाहीत. आमच्या नात्यातील एका कुटुंबाने 'डाउनलोड्स' हा फोल्डर केवळ नावावरून वगळला होता. फोनवरून आलेले, आजीने शेवटच्या आजारात म्हटलेल्या उपवासकाळातील गीतांचे ध्वनिमुद्रण त्यातच होते. डिस्क बिघडली तेव्हा आजी प्रभूघरी गेलेली होती.

तेव्हापासून वगळलेल्या प्रत्येक फोल्डरपुढे आम्ही कारण लिहून ठेवतो. कारण सुचले नाही तर तो वगळीत नाही. नावावर विसंबण्याऐवजी तो उघडून पाहतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारतो; कोणत्या फोटोत कोण आहे, हे पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असते. वर्षातून एकदा ही प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून, फायली खरोखर उघडतात की नाही, हेही तपासतो. वाचकांनीही येत्या रविवारी अर्धा तास यासाठी काढावा, ही विनंती.