कवट्याची काठी



गेल्या महिन्यात आपल्या शाळेत छंद-प्रदर्शन भरले. पोस्टाची तिकिटे होती, होळकरांच्या वेळची तांब्याची नाणी होती, सातवीतल्या एका मुलीने तर काड्यापेट्यांची लेबले वहीत इतकी सुरेख चिकटवली होती की पाहणारे दोनदा परत येत होते. शिक्षकांनीही काहीतरी मांडावे असे ठरल्यामुळे आम्ही आमच्या टेबलावर एकच वस्तू ठेवली. सुमारे साडेपाच इंच उंचीचा, निळ्या अंगाचा, जांभळ्या टोपडीचा, कवटीच्या तोंडाचा प्लास्टिकचा बाहुला. एका विश्वस्त महोदयांनी चष्मा वर करून विचारले, "सर, हा कोण दैत्य?" चाळिशी-पन्नाशीच्या पालकांना मात्र विचारावे लागले नाही. दोन-तीन बाबा मंडळी तर आपल्या मुलांना मागे सारून पुढे आली! गर्दीत नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख. (आमची पदवी हिंदी माध्यमातली, मराठी आईच्या स्वयंपाकघरातली. लेखात हिंदी डोकावली तर आपल्या मराठीच्या बाईंनी नेहमीप्रमाणे सांभाळून घ्यावे.)

तर या दैत्याचे नाव स्केलेटॉर. अमेरिकेतील मॅटेल कंपनीने १९८२ साली 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स' नावाची खेळणी बाजारात आणली. त्यातला नायक ही-मॅन आणि त्याचा वैरी हा. पुढच्याच वर्षी त्यावर कार्टून मालिका आली आणि तिचे एकूण १३० भाग निघाले. ती आपल्याकडे दूरदर्शनवर दिसू लागली, तेव्हा गल्लीतली निम्मी मुले आमच्या शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसत. प्रत्येक भागाच्या शेवटी मुलांना एक उपदेश असे. तेवढ्यात आम्ही पाणी पिऊन येत असू. आता रोज प्रार्थनेनंतर उपदेश करायची पाळी आमच्यावर आली आहे आणि कोण पाणी प्यायला जातो ते आम्हाला बरोबर दिसते.

हे रूप कोणाला सुचले, तेही ऐकण्यासारखे आहे. चित्रकार मार्क टेलर यांनी सांगितले होते की, लहानपणी लाँग बीच येथील करमणुकीच्या बागेत टांगलेला एक सांगाडा पाहून ते हादरले होते. तो खरा आहे असे त्यांना वाटत राहिले. पुढे १९७६ साली तेथे एका दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण चालू असताना त्या 'पुतळ्याचा' हात निखळला आणि आत खरे हाड निघाले. तो १९११ साली पोलिसांच्या गोळीने मेलेला एल्मर मॅकर्डी नावाचा दरोडेखोर होता. मुलाची भीती मनात राहिली आणि बऱ्याच वर्षांनी तिचा खेळ झाला.

भारतात ही खेळणी लिओ कंपनीने परवान्यावर काढली. त्यांच्या रंगछटा मूळ मालापेक्षा थोड्या वेगळ्या असल्यामुळे आज परदेशातले संग्राहकसुद्धा ती शोधत असतात.

आमच्या घरी तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आला. आम्ही तेव्हा सातवीत, धाकटा चौथीत. बाबा कापड गिरणीत हिशेबनीस होते. दिवाळीच्या बोनसचे पैसे आले की राजवाड्यापाशी जायचे, आईची साडी, आमचे कापड, आणि उरले तर काहीतरी खाऊ. त्या वर्षी धाकट्याने ही-मॅनचा हट्ट धरला. दुकानात ही-मॅन संपला होता, हा एकटाच उरला होता. किंमत बाबांच्या दोन दिवसांच्या पगाराएवढी. बाबांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि दुकानदाराला म्हणाले, "राक्षसाचे पण तेवढेच पैसे? थोडे कमी करा, हरणारच आहे तो." दुकानदार हसला आणि त्याने खरोखरच कमी केले.

बाबांनीच त्याला 'कवट्या' म्हणायला सुरुवात केली. १९९० साली महेश कोठारे यांच्या 'धडाकेबाज' चित्रपटात कवट्या महाकाळ आला, तेव्हा धाकटा ठामपणे सांगत सुटला की हे नाव आमच्या घरातून चोरले आहे!

दिवाळीत किल्ला केला की कवट्या पायथ्याशी शत्रूचा सेनापती म्हणून उभा राही. मातीचे मावळे त्याच्या गुडघ्यापर्यंत येत, तरी रोज संध्याकाळी तेच जिंकत. त्याची कंबर एका बाजूला पिळून सोडली की आतल्या स्प्रिंगमुळे तो गर्रकन उलट फिरे आणि हाताचा फटका बसे. कामावरून आल्यावर बाबा चहा पिता पिता एवढेच करत. कंबर पिळायची, सोडायची, एक मावळा उडवायचा. मग आत जायचे.

पुढे गिरणी बंद पडली. देणी थकली, क्वार्टर सोडावे लागले, दोन खोल्यांत संसार मावेना. आईने एक ट्रंक भंगारवाल्याला दिली, तिच्यात आमच्या जुन्या वह्यांबरोबर कवट्याही गेला. त्या दिवसांत कोणाला त्याची आठवण यावी अशी परिस्थिती नव्हती.

बाबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. गेली तीन वर्षे त्यांना माणसे ओळखू येत नाहीशी झाली आहेत. धाकटा पुण्याहून आला की त्याला "आपण कोण? बसा" म्हणतात. तो बसतो. बाहेर येऊन बराच वेळ चपला घालत राहतो. असे असताना मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बाबांनी एकदम विचारले, "पोरांचा कवट्या कुठे आहे?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या सौ. म्हणाल्या, "मागतायत तर शोधा की."

शोधू लागल्यावर कळले की हे एक शास्त्रच आहे. पाठीवर १९८१ चा शिक्का दिसला म्हणून माल त्या वर्षीचा ठरत नाही. ते साल हक्काचे, विक्री त्यानंतरची. दोन्ही पाय आतून रबराने जोडलेले असतात, ते रबर वयाने सैल होते आणि बाहुला बसका पडतो. आम्ही दोन गृहस्थांना सरळ सांगितले की उभा राहत नसेल तर नको. डोके मऊ असते, चेहऱ्याचा पिवळा-हिरवा रंग आधी गालफडांवर उडतो. हत्यारे हरवलेली असतात, म्हणून नवी बनवून जुनी म्हणून विकणारे पुष्कळ. कवट्याकडे मुळात दोन वस्तू : मेंढ्याच्या कवटीची जांभळी काठी आणि अर्धी तलवार. अर्धी यासाठी की उरलेली अर्धी ही-मॅनकडे असते आणि दोन्ही जोडल्याशिवाय ती पुरी होत नाही. दोघांचे धडसुद्धा एकाच साच्याचे! साचे महाग पडतात म्हणून कंपनीने नायकाची छाती खलनायकालाही वापरली. आपल्या हिशेबाच्या सरांना हे फार आवडले.

शेवटी वडोदऱ्याच्या एका संग्राहकांकडे लिओचा कवट्या मिळाला. साडेचार हजार रुपये सांगितले. हा आकडा लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, कारण याच अंकात मागच्या पानावर सहलीच्या वर्गणीबद्दल आम्ही काटकसरीच्या गोष्टी लिहिल्या आहेत. पण आम्ही घासाघीस केली नाही. ते काम एकदा होऊन गेले आहे.

धाकटा मुद्दाम रजा घेऊन आला. बाबा खिडकीशी बसले होते. त्यांच्या हातात बाहुला दिला. त्यांनी तो फिरवून पाहिला, बोलले काहीच नाही. आम्ही दोघे शाळेतल्या मुलांसारखे समोर उभे. मग त्यांच्या बोटांनी आपणहून कंबर धरली, पिळली आणि सोडली. चहाच्या ताटलीतला चमचा उडून खाली पडला. बाबा धाकट्याकडे पाहून म्हणाले, "हरणारच आहे तो, रडू नको." नाव घेतले नाही. दहा मिनिटांनी पुन्हा "आपण कोण?" झाले. पण धाकटा त्या रात्री पोटभर जेवला.

प्रदर्शनासाठी बाहुला एका दिवसापुरताच आणला होता, संध्याकाळी परत नेला. बाबा तो उशाशी ठेवतात आणि हल्ली एकच विचारतात, "याची काठी कुठे गेली?" तलवार आहे, काठी आली नाही. नवी बनवलेली आम्ही एकदा देऊन पाहिली. त्यांनी ती बोटांत फिरवली आणि खाली ठेवली.

तेव्हा पालकांना विनंती की माळा आवरताना मेंढ्याच्या तोंडाची जांभळी काठी सापडल्यास कार्यालयात कळवावे. मोडलेली असली तरी चालेल. योग्य किंमत देऊ.