लोखंडाची अंगठी
(द्वितीय वर्ष, कला)

अंगठीचे आणि ओळखीचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. अशोकवनात सीतेला मारुतीची खात्री पटली ती रामाच्या मुद्रिकेमुळे. कालिदासाच्या शकुंतलेची अंगठी पाण्यात पडली आणि दुष्यंताची ओळखही तिच्याबरोबर बुडाली. ती माशाच्या पोटातून निघाली तेव्हाच त्याला सारे आठवले. माणूस दूर असला तरी त्याची अंगठी त्याच्याविषयी बोलते, असा आपला विश्वास. पण अंगठी हाती आहे आणि माणूस कोण हेच ठाऊक नाही, असे झाले तर? युद्धातल्या अंगठ्या जमविणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमीच असतो. गेल्या वर्षापासून तो माझ्याही पुढे आहे.

तिकिटे आणि नाणी जमविण्याचा छंद आपल्या परिचयाचा आहे. युरोप-अमेरिकेत सैनिकांच्या अंगठ्या जमविणारेही पुष्कळ आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत बसलेल्या शिपायांनी शत्रूच्याच तोफगोळ्यांपासून अंगठ्या घडविल्या. जर्मन गोळ्याच्या टोकाला असलेल्या फ्यूजमध्ये ॲल्युमिनियम असे. हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो. लोखंडाला १५०० च्या वर उष्णता लागते. त्यामुळे वारा घातलेल्या निखाऱ्यांवरही काम भागे. ओतलेल्या कड्याला कानस मारायची, घासून चकचकीत करायचे, मधे तांब्याचा तुकडा बसवायचा आणि घरी बायकोला पाठवायचे. जो गोळा आपला जीव घ्यायला आला, त्याचेच लेणे!

दुसऱ्या टोकाला आहे हिटलरच्या एस. एस. संघटनेची कवटीची अंगठी. हिमलर ती आपल्या निवडक अधिकाऱ्यांना देई, आणि अधिकारी मेला की ती परत करावी असा दंडक होता. आज बाजारात हिला मोठी किंमत आहे, म्हणून नकली अंगठ्यांचा सुळसुळाटही आहे. जाणकार मग धातू पाहतात, जोड पाहतात, कोरलेली अक्षरे पाहतात आणि सर्वांत शेवटी झीज पाहतात. बोटात वर्षानुवर्षे राहिलेली अंगठी कुठे कशी झिजते हे त्यांच्या नजरेला कळते. इतर वस्तूंत झीज हा दोष. इथे तोच माणसाचा पुरावा.

माझे पणजोबा मराठा पलटणीत शिपाई होते. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४५ या काळात ज्या हिंदी फौजा इटलीत लढल्या, त्यांत ते होते. माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे याच मोहिमेत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. आमच्या पणजोबांचे नाव कुठल्या पुस्तकात नाही. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत पेन्शनचे कागद, दोन पदके आणि एक काळपट अंगठी होती. काही वर्षांपूर्वी जुन्या वस्तू विकत घेणारा एक माणूस गावात फिरत आला, त्याने पदके नेली. अंगठी मात्र त्याने परत पेटीत टाकली. सोनाराने तर कसोटीलाही लावली नव्हती. "लोखंड आहे," एवढेच तो म्हणाला होता.

या लोखंडाच्या आत बारीक रोमन अक्षरे आहेत, हे घरात कुणाच्या लक्षात आले नव्हते. मी कॉलेजात आल्यावर भिंग लावून ती उतरवून घेतली आणि इतिहासाच्या सरांना दाखविली. 'ओरो आल्ला पात्रिया', म्हणजे 'मातृभूमीला सोने', आणि पुढे '१८ नोव्हेंबर', वर्ष चौदावे. हे वर्ष मुसोलिनीच्या फॅसिस्ट शकाचे. १९२२ साली त्याच्या हाती सत्ता आली तेव्हापासूनचे चौदावे, म्हणजे आपले १९३५.

ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केले. १८ नोव्हेंबरला राष्ट्रसंघाने आर्थिक निर्बंध लागू केले. सरकारने जनतेकडे सोने मागितले. १८ डिसेंबरला रोममध्ये अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी राणी एलेनाने आपली लग्नाची अंगठी दिली आणि मागोमाग लाखो लोकांनी दिल्या. नाटककार पिरांदेल्लोने तर १९३४ सालचे नोबेल पदक देऊन टाकले. सोन्याच्या बदल्यात मिळाली ती ही अंगठी. इटालियन भाषेत लग्नाच्या अंगठीला 'फेदे' म्हणतात, आणि श्रद्धेलाही तोच शब्द आहे.

आपल्याकडेही १९६२ साली चीनच्या आक्रमणाच्या वेळी बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. ते देशाच्या रक्षणासाठी होते. इटलीचे सोने मागितले गेले ते दुसऱ्याचा देश गिळण्यासाठी, आणि त्या युद्धात इथिओपियाच्या माणसांवर विषारी वायू सोडला गेला. तरीही देताना बोटातून अंगठी काढणाऱ्या बाईचा हात दोन्हीकडे सारखाच थरथरला असेल, असे मला वाटते.

ही अंगठी पणजोबांकडे कशी आली? कुणा कैद्याने भाकरीच्या बदल्यात दिली असेल, कुणा शेतकऱ्याने प्रेमाने दिली असेल, किंवा एखाद्या निर्जीव बोटातून ती काढलेली असेल. रणांगणावर मृतांजवळ सापडलेल्या खासगी वस्तू गोळा करून एकमेकांकडे पोचवाव्यात, असे १९२९ च्या जिनिव्हा कराराने सांगितले होते. पण गोळ्यांच्या वर्षावात करार कोण वाचतो?

आजीला विचारले. ती म्हणाली, "मामंजींनी ती कदी बोटात घातली न्हाय. इचारलं की म्हनायचं, ती आपली न्हाय, येका मानसाची हाय."

या वाक्यात कबुली आहे की केवळ आठवण, ते सांगायला आता कोणी नाही. पण ज्या सैन्याशी ते लढले, त्यातल्या किंवा त्या मुलखातल्या कुणाला तरी ते 'शत्रू' म्हणाले नाहीत, 'माणूस' म्हणाले. ही अंगठी पुष्कळ निघाली, त्यामुळे बाजारात तिला फारसा भाव नाही. मला तो नकोही आहे. मी एका कागदावर इटलीचे नाव, सन, आतली अक्षरे आणि पणजोबांचे ते वाक्य लिहून अंगठीसोबत ठेवले आहे. नकली अंगठीला सगळे देता येते, एवढा कागद देता येत नाही. जमविणे म्हणजे मालक होणे, अशी माझी समजूत होती. आता वाटते, शेतावर राखणदार असतो ना, तसे हे काम आहे. पीक दुसऱ्याचे असते. आपण जागे राहायचे असते.