वाघ नको, अस्वल दाखवा!

ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेल्या मित्राच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास असतो. निलगिरीच्या झाडाला मिठी मारून ढाराढूर झोपलेला कोआला. सगळे त्याला 'कोआला बेअर' म्हणतात, पण तो अस्वल नाहीच. तो कांगारूसारखा, पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी. आपल्याकडे नेमकं उलटं झालं. आपलं अस्वल अस्सल अस्वल. पण १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याला थेट दक्षिण अमेरिकेतल्या, झाडाला उलटं लटकणाऱ्या 'स्लॉथ'च्या खात्यात टाकलं. चूक नंतर कळली, पण 'स्लॉथ बेअर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. स्लॉथ म्हणजे आळशी! या 'आळशी' प्राण्याला वारूळ फोडताना बघायचं असेल, तर बोरला चला.

बोर वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या हिंगणी गावाच्या पुढे. बोर नदीवरचं धरण आणि त्याला लागून साग, ऐन, तेंदू, बांबूचं जंगल. १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. तेव्हा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर होतं, त्यामुळे देशातला सगळ्यात छोटा व्याघ्र प्रकल्प अशी त्याची ओळख झाली. ताडोबाच्या मानाने इथे शांतता आहे. पण जिप्सीत बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच, वाघ! समोर अस्वल आलं तरी मागच्या सीटवरून आवाज येतो, "हॅ, अस्वलच आहे!" त्या 'च'चा मला भयंकर राग येतो.

कारण वाघ बऱ्याचदा नुसता पडून असतो. अस्वल मात्र सतत कामात. मार्चमधल्या एका संध्याकाळी आमची जिप्सी थांबली ती दिसण्यामुळे नाही, आवाजामुळे. जुना व्हॅक्युम क्लीनर सुरू केल्यासारखी घरघर. गाइडने बोटाने सागाच्या पलीकडचं वारूळ दाखवलं. त्यात तोंड खुपसलेला काळा केसाळ ढिगारा.

त्या आवाजाचा फंडा भारी आहे. तीन-चार इंची नखांनी अस्वल वारूळ उकरतं, जोरात फुंकर मारून माती उडवतं आणि मग वाळवी चक्क ओढून घेतं. त्यासाठी वरचे पुढचे दोन दात त्याला नसतातच. तिथे फट असते. नाकात माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या हव्या तेव्हा बंद करता येतात. हा आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. म्हणून सफारीत अस्वल बघायचं तर गप्पा बंद, मोबाइल खिशात, कान उघडे.

थोड्या वेळाने ढिगारा वळला आणि पाठीवरचे दोन छोटे ढिगारे दिसले. पिल्लं! साधारण थंडीत जन्मतात, दोनेक महिने गुहेत काढतात आणि मग आईच्या पाठीवरच्या लांब केसांना धरून गावभर हिंडतात. कोआलाचं पिल्लूही पिशवीतून बाहेर आल्यावर असंच आईच्या पाठीवर बसतं. पण इथे कारण वेगळं. बोरच्या जंगलात वाघ आहे, बिबट्या आहे. बिबट्या झाडावर चढतो, म्हणजे पिल्लांना झाडावर पाठवून भागत नाही. आईची पाठ हीच त्यातल्या त्यात सुरक्षित जागा.

अस्वल दिसलं नाही तरी हिरमुसू नका. धुळीत माणसाच्या अनवाणी पावलासारखा ठसा दिसला, पण पुढे नखांच्या खुणा असल्या, तर तो त्याचाच. विष्ठेत बोरांच्या बिया. मधाच्या पोळ्याच्या झाडावर नखांचे ओरखडे.

आणि मोहाचं झाड. इथे गोष्ट 'क्यूट' राहत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं टपटप खाली पडतात. त्या गोड वासावर अस्वल येतं आणि त्याच वेळी टोपल्या घेऊन गावातली माणसंही येतात, कारण मोहफुलं विकून हातात चार पैसे पडतात. अस्वलाचं नाक जबरदस्त, पण नजर आणि कान बेताचे. खाली मुंडी घालून खात असताना माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. मग ते दचकतं आणि पळण्याऐवजी अंगावर येतं. वाघाच्या शेजारात राहून शिकलेली सवय ती. हल्ला बहुतेकदा डोक्यावर, चेहऱ्यावर. जखमींना सरकारी मदत मिळते, पण चेहरा परत मिळत नाही. म्हणून नीट उजाडल्यावर, चौघं मिळून, मोठ्याने बोलत जा, असं मोह वेचणाऱ्यांना सांगितलं जातं. आता सांगा, उशिरा गेलं तर फुलं दुसरा कोणी वेचून नेणार. अंधारात घराबाहेर पडणाऱ्या बाईला अस्वल माहीत नसतं असं नाही.

माणसाकडूनही अस्वलाने कमी भोगलेलं नाही. नाकात वेसण घालून त्याला दारोदार नाचवणारा दरवेशी आपल्या आधीच्या पिढीने पाहिलाय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरही हा खेळ बरीच वर्षं चालू होता. देशातलं शेवटचं नाचवलं जाणारं अस्वल सोडवलं गेलं ते थेट २००९ मध्ये.

जायचं कसं? मुंबईहून विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसने रात्रभरात वर्धा. तिथून गाडीने साधारण तासाभरात बोर धरण. नागपूरहून दीडेक तास. पावसाळ्यात सफारी बंद असते. अस्वलासाठी बेस्ट काळ मार्च ते मे. ऊन मरणाचं असतं, पण पाणवठ्यावर संध्याकाळी गर्दी होते. शेवटची स्लॉटवाली सफारी घ्या, कारण अस्वल मुळात अंधाराचा प्राणी. आणि गाइडला बसताबसताच सांगून टाका, वाघ दिसला तर ठीक, आम्ही अस्वलासाठी आलोय. तो आधी तुमच्याकडे बघत राहील, मग गाडी वारुळांच्या वाटेला वळवेल.